चोवीस इंचांवरची सीट

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी दहाचा सुमार. रक्कम नऊ लाख रुपये: साडेपाच लाख मुदत ठेवीचे, साडेतीन लाख पतसंस्थेच्या कर्जाचे. हप्ता साडेसात हजारांच्या आत बसत होता, त्याच्या वर जायची माझी तयारी नव्हती. हजर माणसं तीन: मी, बायको आणि सासरे. जागा आमच्या सांगलीच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.

टेबलावर मी एक मोठा कागद पसरला होता. त्यावर सहा गाड्यांची नावं आणि एकोणीस रकाने होते. ऑनरोड किंमत, मायलेज, विम्याचा हप्ता, पाच वर्षांचा सर्व्हिसिंगचा खर्च, डिकीत किती लिटर सामान बसतं, गाडीचं पोट जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे, एअरबॅगा किती. आमच्या सोसायटीतली पार्किंगची जागा मी स्वतः टेपनं मोजली होती, दोन्ही बाजूंची दारं उघडायला किती जागा उरते त्याचाही रकाना होता. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल मोजून घ्यायचा, मापात नसला तर परत पाठवायचा, हे काम सत्तावीस वर्षं केल्यावर घरातही तेच होतं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय त्र्याहत्तर. त्यांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आवं जावईबापू, गाडी घ्यायलाय का पोरगी बघायलाय? एवढी पत्रिका तर मी लेकीच्या लग्नातबी जुळवली न्हवती."

"म्हणूनच हे पदरात पडले," बायको आतून म्हणाली.

आबा मेढ्याच्या पुढं नऊ किलोमीटरवरच्या गावचे. भाताची थोडी शेती, आणि तीसेक वर्षं त्यांनी मेढा ते सातारा वडापाची जीप चालवली. माणसं भरून खेपा करणारी जीप. नऊजणांच्या जीपमध्ये त्यांनी सतरा माणसं नेल्याचं ते सांगतात, आणि त्यांच्या गावातले लोक हा आकडा एकवीस सांगतात. गुडघे दुखायला लागले तेव्हा जीप विकली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. २०२३च्या डिसेंबरात खाचराच्या बांधावरून पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन मिरजेला झालं आणि मग ते आमच्याकडंच राहिले, कारण बायको त्यांची एकुलती एक.

राहिले म्हणजे आम्ही ठेवून घेतले. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांना मनातून मान्य नव्हतं. लग्नानंतर आम्हाला मुलगी होईपर्यंत त्यांनी आमच्याकडं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, त्यांच्या पिढीत तशीच रीत होती. आताही दर दोन महिन्यांनी पुतण्याकरवी तांदळाचं एक पोतं येई. मुलगी शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही तिघं, महिन्याला तांदूळ लागतो नऊ किलो. उरलेला तांदूळ मी शेजाऱ्यांना वाटत होतो आणि गप्प बसत होतो.

गाडी कशासाठी हवी होती ते सरळ सांगतो. मला कामावर जायला दुचाकी पुरते. गाडी हवी होती ती आबांना गावाला नेण्याआणण्यासाठी. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. आदल्या दिवाळीला आम्ही साडेचार हजारांत एक भाड्याची गाडी करून गेलो होतो. गाडी बुटकी होती. गावातल्या देवळासमोर थांबलो तेव्हा त्यांना सीटवरून उठताच येईना. पारावर पंधरा-वीस माणसं बसलेली. शेवटी दोघा पुतण्यांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. आबा कुणाशी काही बोलले नाहीत. दोन दिवस घरातच बसले आणि परत येताना म्हणाले, "आता नगं यायला." त्यानंतर गावाचा विषय त्यांनी काढला नाही. भात मळायला आलं, मळून झालं, पोतं आलं. विचारलं नाही. मला गाडी घ्यायची होती ती एवढ्यासाठी. पण ही गोष्ट माझ्या एकोणीस रकान्यांत कुठंच नव्हती, आणि मला ते कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षानं शोरूमला गेलो. सहा गाड्यांपैकी माझ्या कागदावर दोन उरल्या होत्या, दोन्ही एकाच कंपनीच्या. पहिली ऑनरोड आठ लाख चौसष्ट हजार. तिला एसयूव्ही म्हणत असले तरी अंगानं ती नेहमीच्या लहान गाडीसारखीच होती, चाकं थोडी मोठी. दुसरी उंच, नऊ लाख एक्क्याण्णव हजार, आणि तीही सगळ्यात खालच्या व्हेरियंटची. फरक एक लाख सत्तावीस हजारांचा. मी दुसरी जवळजवळ खोडलीच होती.

गाड्या दाखवायला एक पंचेचाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग मधल्या चकचकीत गाडीचं छत उघडून दाखवलं.

"बाबा, हे सनरूफ."

"छपराला भोक पाडायचं किती घेता?"

"त्या व्हेरियंटला साधारण नव्वद हजार जास्त पडतात."

"आमच्या जीपला फुकटात हुतं. पावसाळ्यात बंद व्हायचं न्हाई, एवढंच."

बाई मनापासून हसल्या. मग आबा त्या बुटक्या गाडीकडं गेले, पुढच्या डाव्या सीटवर बसले. बसले म्हणजे एकदम खाली गेले, ते मला दिसलं होतं, पण मी तेव्हा टायरचा आकार लिहून घेत होतो. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला.

"बेस हाय. हीच घ्या. वरच्या गाडीला उगा लाखभर घालून काय करायचंय?"

"तुम्हाला बसायला बरी आहे का?" मी विचारलं.

"लय बरी. मऊ हाय. तुमी कागदं करा जावा, मी हितंच बसतो जरा."

जाणत्या माणसानं होकार दिला, पैसेही वाचत होते, मला आणखी काय हवं होतं. मी कागदावर त्या गाडीच्या नावापुढं बरोबरची खूण केली, बाईंच्या टेबलाशी गेलो आणि फोनवरून अकरा हजार बुकिंगचे भरले. आबा अर्धा तास त्या गाडीत बसून होते. त्यांना गाडी फार आवडली, असं मी समजलो. निघताना बायकोनं मला रिक्षा बघायला पाठवलं. रिक्षा घेऊन आलो तर आबा दारात उभे होते, काठी हातात, बायको बाजूला. रिक्षात ते नेहमीसारखे चढले.

बायको घरी शिवणकाम करते. संध्याकाळी ती मशिनवर एक ब्लाऊज उसवत बसली होती. मी नऊ लाखांतून उरलेल्या छत्तीस हजारांचं काय करायचं ते तिला सांगत होतो. तिनं वर न बघता विचारलं, "आबा गाडीतून कसे उठले, बघितलंत?"

"मी रिक्षा आणायला गेलो होतो ना."

"म्हणूनच पाठवलं होतं तुम्हाला. त्यांना उठता येत नव्हतं. अर्धा तास तसेच बसले होते. मी आणि त्या बाईंनी धरून काढलं. मला म्हणाले, जावयाला सांगू नगंस."

ती उसवत राहिली.

"मी त्यांना विचारलं होतं," मी शेवटी म्हणालो. "बरी आहे म्हणाले."

"विचारून काय कळतंय? मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही घट्ट होतंय का म्हणून. लाजेनं नाही म्हणतात. मी म्हणते हात वर करा, खाली वाका. मग आपोआप कळतं. तुम्ही डिकी मोजलीत, पार्किंग मोजलंत. आबांना मोजलं नाही."

ती रागानं बोलत नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. सत्तावीस वर्षं माल मोजून घेणारा माणूस मी, आणि ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तोच माणूस न मोजता अकरा हजार भरून आलो होतो.

तेव्हाच मी टेप काढली. आबा ज्या खुर्चीवरून कुणाची मदत न घेता उठतात ती हॉलमधली खुर्ची, वर गादी ठेवून, जमिनीपासून एकवीस इंच भरली. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतंच, गुडघ्यापेक्षा खुबा खाली जाईल अशा जागी बसवू नका. सांगितलं होतं ते आम्ही घरातल्या खुर्चीला लावलं, कमोडला लावलं, पलंगाखाली विटा घातल्या. गाडीला लावायचं सुचलं नाही.

सोमवारी कामावरून सुटल्यावर परस्पर शोरूमला गेलो. माहितीपत्रकात सीटची जमिनीपासूनची उंची कुठं दिलीय ते बाईंना विचारलं. त्यांनी दोन्ही पत्रकं चाळली. गाडीची लांबी, रुंदी, उंची होती, दोन चाकांमधलं अंतर होतं. सीटची उंची नव्हती.

"सर, आठ वर्षं गाड्या विकतेय. हे कुणी विचारलंच नाही अजून."

मी टेप काढली. त्यांनी दुसरं टोक धरलं. बुटक्या गाडीची सीट एकोणीस इंच. उंच गाडीची चोवीस. बाईंनी दोन्ही आकडे आपल्या डायरीत लिहून घेतले.

"काल बाबांना उठवताना माझ्याच मनात आलं होतं बोलावं म्हणून," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आणि तुम्ही पैसे भरून बसला होतात."

मग त्यांनी तीन गोष्टी केल्या आणि त्यांतली एकही करायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. बुकिंगचे अकरा हजार त्यांनी एक रुपया न कापता दुसऱ्या गाडीवर फिरवले. आवारात मागच्या बाजूला एक उंच गाडी उभी होती, गेल्या वर्षी तयार झालेली. रंग शेवाळी, म्हणून कुणी घेत नव्हतं. तिच्यावर बेचाळीस हजारांची सूट होती, ती त्यांनी मी न विचारता सांगितली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतः सीटवर बसून दाखवलं. आधी पाठ गाडीकडं करायची, टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. त्यांच्या आईला त्या असंच बसवतात. बहुतेक माणसं आधी पाय घालतात आणि अडकतात.

आता आबांना सांगायचं होतं. मंगळवारी संध्याकाळी ते गॅलरीत लसूण सोलत बसले होते. मी समोर बसलो. फिरवून बोलायला मला जमत नाही.

"आबा, परवा तुम्हाला गाडीतून उठता आलं नाही."

ते सोलत राहिले. "हिनं सांगितलं व्हय?"

"सांगितलं. खरं तर मलाच दिसायला पाहिजे होतं. आपण ती उंच गाडी घेऊ."

"आवं, मी वर्सातनं दोनदा बसणार. दोन दिसाच्या मानसासाठी सव्वा लाख घालायचं म्हंजी डोस्कं फिरलंय का?"

"मी रोज दुचाकीवर जातो. तुम्ही बसणार नसाल तर ही गाडी महिन्यातून पंचवीस दिवस नाही, तीस दिवस उभी राहणार."

"मंग घिऊच नगा."

आतून मशिनचा आवाज येत होता तो थांबला. आबांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"दिवाळीत उतरवलं तसं मला पुन्हा उतरायचं न्हाई," ते म्हणाले. "माझ्या जीपमधनं मी म्हाताऱ्या बायका हात धरून उतरवल्या. दवाखान्यातनं आलेली मानसं उतरवली. पोत्यागत कुणाला उतरवलं न्हाई. त्यापरास मी हितंच बरा हाय."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. "उद्या चला," ती म्हणाली. "हो म्हणू नका, नाही म्हणू नका. नुसतं चढा आणि उतरा."

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. शेवाळी गाडी आवारात उन्हात उभी होती. बाईंनी दार उघडून धरलं. बायकोनं वडिलांना गिऱ्हाइकासारखंच वागवलं. बरं वाटतंय का, दुखतंय का, एक शब्द विचारला नाही. पाठ करा, टेका, पाय घ्या. आता उतरा. परत. पहिल्या वेळी आबांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. दुसऱ्या वेळी एका हातानं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय बाहेर काढले, सीटवरून पुढं सरकले आणि उभे राहिले. हात मांडीवर होते. काठी मीच धरून उभा होतो, ती मागायचं त्यांना सुचलं नाही.

थोडा वेळ ते गाडीकडं तोंड करून उभे राहिले. मग बाईंकडं वळले.

"बाई, त्या कागदावर हँडलिंग चार्ज चार हजार पाचशे लिवलंय. ह्यो कशाचा?"

"गाडी गोडाऊनमधून इथं आणायचा, बाबा."

"हितं नुसती आणायचं चार हजार पाचशे? मी मेढ्यासनं सातारला मानूस आणलं तवा एवढं वर्सात मिळायचं न्हाई. ते काढा."

ते निघालं. सीट कव्हर, मॅट आणि चकचकीत पट्ट्यांचं साडेनऊ हजारांचं पॅकेज निघालं. विमा शोरूमचाच घ्यायला पाहिजे असं नाही, हे मी शोधून ठेवलं होतं. शोरूमचा एक्केचाळीस हजार, बाहेर तोच साडेएकोणतीस हजारांत. सगळी वजाबाकी करून गाडी नऊ लाख साडेतेवीस हजारांवर आली. माझ्या नऊ लाखांच्या वर साडेतेवीस हजार.

पतसंस्थेत कर्ज थोडं वाढवून घेतो, असं मी म्हणालो. आबा म्हणाले, नाही, ते पैसे मी देणार.

इथं माझी अडचण होती. लग्नात मी सासऱ्यांकडून काही घेतलं नव्हतं, त्यानंतर बावीस वर्षांत पाच रुपये घेतले नव्हते, आणि मला त्याचा अभिमान होता. मी नको म्हणालो. एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो.

"आयका," आबा म्हणाले. "माझा पैसा गाडीत आसला तर मी गाडीत बसंन. न्हाईतर लेकीच्या दारचा पाव्हणा म्हणून दर खेपंला बसायचं मला जमायचं न्हाई. तुमी मला न्यायचंय का तुमचा नेम पाळायचाय?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो. त्या दिवशी मला कळलं की आमच्या घरात येणारी तांदळाची पोती शेजाऱ्यांना वाटून मी काही मोठं काम करत नव्हतो. त्यांना देऊ देणं, एवढंच करायचं होतं, आणि ते मी बावीस वर्षं केलं नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून करून घेतलं याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आठ फेब्रुवारीला, शनिवारी, गाडी मिळाली. रविवारी पहाटे निघालो. पेठ नाक्यावरून हायवेला लागलो, कराडला चहा झाला, साताऱ्यावरून मेढ्याकडं वळलो. मला गाडी चालवता येते एवढंच, सराव नाही. मेढ्याच्या पुढं चढाला लागल्यावर आबा डाव्या सीटवरून बोलायला लागले. "दुसरा टाका. आवाज आयका तिचा. आता सोडा, दमली न्हाई ती." शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता पावसानं खचलेला होता. एका जागी मी थांबलो तर म्हणाले, "उजव्या अंगानं घ्या, डावीकडं दगूड हाय." दगड खरंच होता. मागच्या सीटवर बायको तोंड दाबून हसत होती.

मी सरळ घरापर्यंत न्यायच्या विचारात होतो. देवळाजवळ येताच आबा म्हणाले, "हितं थांबवा."

पारावर माणसं होती. पुतणे गाडी बघून धावत आले. आबांनी आतूनच हात केला. "लांब व्हा. दार लागंल."

त्यांनी दार उघडलं. पाय बाहेर काढले, पुढं सरकले, उभे राहिले. टोपी नीट केली. मग हात मागं करून काठी मागितली, ती बायकोनं दिली.

पारावरच्या त्यांच्या वयाच्या एकानं विचारलं, "आलास व्हय रं? कुणाची गाडी?"

"आमची," आबा म्हणाले. "रंग तेवढा शेवाळी घेतलाय. चिखल दिसत न्हाई."

आणि ते घराकडं चालायला लागले. पुतण्यानं हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. देवळापासून घर एकशे बारा पावलं आहे. मी मागून चालत मोजली. आबा त्यांत दोनदा थांबले, एकदा कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायला आणि एकदा आपल्या खाचराकडं बघायला.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा जातो. मे महिन्यात ते तीन आठवडे तिथंच राहिले. तांदळाचं पोतं आता गाडीतूनच येतं आणि मी ते शेजाऱ्यांना वाटायचं बंद केलं आहे, त्याची पेज, भाकरी, घावन असं सगळं आम्ही खातो.

एकूण दिले नऊ लाख तेवीस हजार पाचशे. त्यांपैकी विमा एजंटाला एकोणतीस हजार पाचशे, माझ्या खात्यातून. शोरूमला आठ लाख चौऱ्याण्णव हजार: बुकिंगचे अकरा हजार, पतसंस्थेच्या चेकनं साडेतीन लाख, माझ्या मुदत ठेवीतून पाच लाख नऊ हजार पाचशे, आणि तेवीस हजार पाचशे सासऱ्यांनी स्वतः, रोख, बाईंच्या हातात, आपल्या नावाची वेगळी पावती घेऊन.